५५५ आयसीचा टायमर: एका सेकंदापासून दहा मिनिटांपर्यंत, आणि त्यापुढे

वक्तृत्व स्पर्धेची तयारी करणाऱ्या मुलाला पाच मिनिटं संपली की बझर वाजवून सांगणारा, आणि गोल बटण फिरवलं की दीड मिनिटावर किंवा आठ मिनिटांवर आणता येणारा टायमर आपण इथे ५५५ या आयसीवर, म्हणजे एका छोट्या चिपवर, बनवणार आहोत. मोबाइलवर हे काम होतंच. पण इलेक्ट्रॉनिक्स शिकायचं असेल तर सुरुवातीला याच्याइतकं चांगलं सर्किट मला दुसरं दिसत नाही. सुटे भाग पंधरा-सोळा, प्रोग्रॅमिंग अजिबात नाही, आणि कुठला भाग का लावला हे प्रत्येक वेळी आकडेमोड करून सांगता येतं.

सर्किट १२ व्होल्ट डीसीवर चालतं. घरातल्या २३० व्होल्टच्या लाइनला या लेखात कुठेही हात लावायचा नाही.

आयसीच्या आत काय होतं

स्वित्झर्लंडमध्ये जन्मलेल्या हान्स कामेनझिंड या अभियंत्याने १९७१ साली सिग्नेटिक्स या अमेरिकन कंपनीसाठी ५५५ आयसी आखली आणि १९७२ मध्ये ती बाजारात आली. पहिल्या आराखड्यात तिला नऊ पाय होते. कपॅसिटर भरायला आत ठरावीक करंट देणारी वेगळी रचना केली होती. तिच्याऐवजी बाहेरून एक साधा रेझिस्टर लावला तरी भागतं हे कामेनझिंड यांच्या लक्षात आलं, एक पाय कमी झाला आणि आयसी आठ पायांच्या स्वस्त खोक्यात बसली. आज ती दहा-पंधरा रुपयांत मिळते.

काम कसं चालतं ते पाण्याच्या टाकीवरून चटकन कळतं. कपॅसिटर म्हणजे टाकी, रेझिस्टर म्हणजे तिच्यात पाणी सोडणारा नळ. नळ बारीक केला की टाकी भरायला वेळ लागतो, टाकी मोठी केली तरी वेळ लागतो. पाणी ठरलेल्या खुणेपर्यंत आलं की आयसी म्हणते, वेळ संपली.

ती खूण कुठे असते? आयसीच्या आत ५ किलोओहमचे तीन रेझिस्टर एकापुढे एक जोडलेले असतात आणि ते पुरवठ्याच्या व्होल्टेजचे तीन समान वाटे करतात. १२ व्होल्टला या खुणा ४ आणि ८ व्होल्टवर पडतात. २ नंबरच्या पायावरचं व्होल्टेज ४ च्या खाली गेलं की वेळ सुरू होतो, ३ नंबरच्या पायावर आउटपुट येतं आणि रिकामा कपॅसिटर भरायला लागतो. त्याच्यावर ८ व्होल्ट जमले की ६ नंबरचा पाय ते ओळखतो, आउटपुट बंद होतं आणि ७ नंबरचा पाय कपॅसिटर रिकामा करून टाकतो.

सूत्र असं:

वेळ (सेकंद) = १.१ × रेझिस्टन्स (मेगओहम) × कपॅसिटन्स (मायक्रोफॅरड)

मेगओहम आणि मायक्रोफॅरडचा गुणाकार थेट सेकंदात येतो, त्यामुळे शून्यांचा हिशेब ठेवावा लागत नाही. १.१ हा आकडा म्हणजे ३ चा नैसर्गिक लॉगरिदम, १.०९८६. रिकामा कपॅसिटर दोन तृतीयांश भरायला तेवढा वेळ लागतो. सूत्रात व्होल्टेज कुठेच नाही, हे मुद्दाम बघा. पुरवठा १२ वरून ९ वर आला तर खूणही त्याच प्रमाणात खाली येते आणि भरण्याचा जोरही तेवढाच कमी होतो. अडॅप्टर थोडा कमी-जास्त असला तरी टायमर तेवढाच वेळ देतो, ते यामुळेच.

आकडे ठरवू

नवशिके बरेचदा आधी हाताला येईल तो कपॅसिटर लावतात आणि मग वेळ किती येतो ते पाहतात. उलट क्रमाने जा. आधी किती वेळ हवा ते कागदावर लिहा.

आपल्याला दोन टप्पे करायचे आहेत. लहान टप्प्यासाठी १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर, आणि वेळ कमी-जास्त करायला १ मेगओहमचा पॉट, म्हणजे दांडा फिरवून रेझिस्टन्स बदलता येणारा रेझिस्टर. पॉटच्या आधी १० किलोओहमचा (०.०१ मेगओहमचा) एक रेझिस्टर कायमचा राहील. तो नसेल आणि पॉट शून्यावर गेला, तर ७ नंबरच्या पायातला ट्रान्झिस्टर थेट १२ व्होल्टला जोडला जाईल आणि आयसी जळेल. एवढ्याशा रेझिस्टरने तो धोका टळतो.

पॉट शून्यावर असताना १.१ × ०.०१ × १०० = १.१ सेकंद. पूर्ण फिरवल्यावर १.१ × १.०१ × १०० = १११ सेकंद.

मोठ्या टप्प्यासाठी एका साध्या ऑन-ऑफ स्विचमधून ४७० मायक्रोफॅरडचा दुसरा कपॅसिटर पहिल्याला समांतर जोडायचा. बेरीज ५७०. आता वेळ ६.३ सेकंदांपासून ६३३ सेकंदांपर्यंत, म्हणजे साडेदहा मिनिटांपर्यंत जातो. पाच मिनिटांसाठी लागणारा रेझिस्टन्स ३०० ÷ (१.१ × ५७०) = ०.४७८ मेगओहम, म्हणजे बटण जवळजवळ मध्यावर येतं. सगळ्यात जास्त लागणारी वेळ बटणाच्या मध्याच्या आसपास आलेली बरी. टोकाशी फिरवताना हात नेमका थांबत नाही.

सामान

एनई५५५ आयसी एक, आठ पायांचा आयसी सॉकेट, १ मेगओहमचा लिनिअर पॉट, त्यावर बसणारा नॉब, रेझिस्टर १ के, १० के आणि ४७ के प्रत्येकी एक (‘के’ म्हणजे किलोओहम), इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर १० मायक्रोफॅरड एक, १०० चे दोन, ४७० चा एक (सगळे २५ व्होल्टचे), सिरॅमिक कपॅसिटर १०३ (०.०१ मायक्रोफॅरड) आणि १०४ (०.१ मायक्रोफॅरड) एकेक, १एन४१४८ आणि १एन४००७ डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारे भाग), हिरवा एलईडी, १२ व्होल्टचा बझर, एक पुश बटण, दोन टॉगल स्विच, १२ व्होल्ट १ अँपिअरचा डीसी अडॅप्टर, ब्रेडबोर्ड (सोल्डर न करता भाग खोचायचा भोकांचा बोर्ड) आणि जंपर वायर.

मुंबईत लॅमिंग्टन रोड आणि पुण्यात बुधवार पेठेतली तापकीर गल्ली, दोन्हीकडे हे सगळं एका फेरीत मिळतं. पॉट घेताना त्यावर ‘बी’ हे अक्षर बघून घ्या. ‘बी’ म्हणजे लिनिअर. ‘ए’ म्हणजे आवाजाच्या कंट्रोलसाठीचा लॉग पॉट. तो लावला तर नॉबवरच्या खुणा एका बाजूला दाटीने आणि दुसऱ्या बाजूला लांब लांब पडतात. बझर आतच आवाज तयार करणारा घ्या, नुसती डीसी दिली की वाजणारा. दुकानात सांगून एकदा वाजवूनच घ्यावा.

कपॅसिटरवर चार पैसे जास्त गेले तरी चालतील, नामांकित कंपनीचा आणि नवा माल मागा. कारण पुढे येईलच.

ब्रेडबोर्डवर जोडणी

सगळं जोडून होईपर्यंत अडॅप्टर लांब ठेवा. आयसीवरची खाच डावीकडे ठेवली की खालच्या रांगेत डावीकडून १, २, ३, ४ आणि वरच्या रांगेत उजवीकडून डावीकडे ५, ६, ७, ८ असे पाय येतात.

आधी वीज. अडॅप्टरच्या अधिक तारेत एक टॉगल स्विच, हा मुख्य स्विच. १ नंबर ग्राउंडला, म्हणजे अडॅप्टरच्या उणे तारेला, ८ नंबर १२ व्होल्टला. ४ नंबर हा रिसेट, तोही सध्या १२ व्होल्टलाच. एक १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आणि १०४ आयसीच्या अगदी लगत १२ व्होल्ट आणि ग्राउंडमध्ये लावा. ५ नंबरवरून १०३ ग्राउंडला. या छोट्या कपॅसिटरांशिवायही सर्किट चालल्यासारखं वाटतं. मग शेजारी पंखा किंवा मिक्सर चालू-बंद केला की टायमर आपोआप सुटतो आणि कारण सापडत नाही.

मग वेळ ठरवणारा भाग. ६ आणि ७ हे पाय एकमेकांना जोडा. या जोडापासून १०० मायक्रोफॅरडचा दुसरा कपॅसिटर ग्राउंडला, अधिक टोक आयसीकडे. अंगावर उणे चिन्हांची पट्टी असलेली बाजू ग्राउंडला जाते. उलटा लावलेला इलेक्ट्रोलायटिक तापतो आणि फुटतोही. ४७० चा कपॅसिटर तसाच, मात्र मध्ये टॉगल स्विच. त्याच जोडापासून १० के रेझिस्टर, त्यापुढे पॉट, आणि पॉटचं दुसरं टोक १२ व्होल्टला.

पॉटला तीन पाय असतात. दांडा तुमच्याकडे आणि पाय खाली धरलात, तर डावा आणि मधला वापरा. घड्याळाच्या दिशेने फिरवल्यावर वेळ वाढेल. उजवा पाय मधल्याला जोडून टाका. पॉट जुना झाला की आतली पट्टी क्षणभर सुटते. हा जोड असला तर त्या वेळी रेझिस्टन्स फार तर १ मेगओहम होतो, सर्किट तुटत नाही.

आता १एन४१४८. त्याची पट्टीची बाजू १२ व्होल्टला आणि दुसरी बाजू ६-७ च्या जोडाला. पुस्तकातल्या मूळ आकृतीत हा डायोड नसतो, पण आपल्याला तो लागतो. समजा तीन मिनिटं झाल्यावर मध्येच मुख्य स्विच बंद केला. कपॅसिटर तेव्हा अर्धाअधिक भरलेला असतो. लगेच पुन्हा चालू केला तर मोजणी मधूनच सुरू होते आणि बझर फार लवकर वाजतो. डायोड असला की वीज जाताच कपॅसिटर त्यातून झटकन रिकामा होतो.

सुरू करण्याची सोय २ नंबरच्या पायावर. तिथून ४७ के १२ व्होल्टला, १० मायक्रोफॅरड ग्राउंडला (अधिक टोक पायाकडे), आणि त्या कपॅसिटरला समांतर पुश बटण. वीज दिली की हा कपॅसिटर रिकामा असल्यामुळे २ नंबरचा पाय सुमारे ०.२ सेकंद ४ व्होल्टच्या खाली राहतो आणि टायमर स्वतःहून सुरू होतो. मोजून झाल्यावर पुन्हा सुरू करायचा असेल तर बटण दाबा. मोजणी चालू असताना बटण दाबल्याने वेळ पहिल्यापासून सुरू होत नाही, ५५५ चा तो स्वभावच आहे. नव्याने मोजायचं असेल तर मुख्य स्विच बंद करून दोन-तीन सेकंदांनी चालू करा.

शेवटी आउटपुट. ३ नंबरवरून १ के, मग एलईडीचा लांब पाय, आखूड पाय ग्राउंडला. वेळ चालू असेपर्यंत हा हिरवा दिवा लागलेला राहील. बझरचं अधिक टोक १२ व्होल्टला, उणे टोक १एन४००७ मधून ३ नंबरला, डायोडची पट्टी आयसीकडे. वेळ संपली की ३ नंबर ग्राउंडजवळ येतो आणि बझर वाजतो. साधी ५५५ आउटपुटला २०० मिलिअँपिअरपर्यंत करंट पेलते, तेव्हा छोट्या बझरला वेगळा ट्रान्झिस्टर नको. मध्ये डायोड कशाला? आउटपुट ‘चालू’ असताना ३ नंबरवर पूर्ण १२ व्होल्ट येत नाहीत, दीडेक व्होल्ट कमी पडतात. तेवढ्यावरही एखादा बझर बारीक कुरकुरतो. डायोडने ती कुरकुर थांबते.

पहिली चाचणी

पॉट शून्यावर, ४७० चा स्विच बंद. वीज द्या. एलईडी सेकंदभर लागून विझला आणि बझर वाजला, तर जोडणी बरोबर आहे. एलईडी विझतच नसेल तर ६-७ चा जोड आणि २ नंबरचा ४७ के तपासा. एलईडी लागतच नसेल तर ४ नंबर १२ व्होल्टला आहे का ते बघा. आयसी बोट ठेववत नाही इतकी तापली तर ताबडतोब वीज काढा. बहुधा ती उलटी बसली आहे.

मग पॉट पूर्ण फिरवा आणि घड्याळ लावून मोजा. १११ सेकंद येणार नाहीत. सर्वसाधारण इलेक्ट्रोलायटिकवर लिहिलेला आकडा २० टक्के इकडे-तिकडे असतो, पॉटचंही तसंच. दोन्ही एकाच बाजूला झुकले तर ७१ सेकंदही येऊ शकतात आणि १६० सुद्धा. यात बिघाड काही नाही, मोजून खुणा केल्या की प्रश्न मिटतो.

टाकीची गळती

आता ४७० चा स्विच चालू करून पॉट टोकाला नेला आणि बझर वाजलाच नाही, असं होऊ शकतं. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली, हिरवा दिवा तसाच. नवशिके इथे आयसी बदलतात, मग दुसरी बदलतात. आयसी निर्दोष असते.

कपॅसिटर ८ व्होल्टजवळ आला की रेझिस्टरवर उरतात फक्त ४ व्होल्ट. १.०१ मेगओहममधून तेव्हा वाहतो जेमतेम ४ मायक्रोअँपिअर. इलेक्ट्रोलायटिक कपॅसिटर मात्र थोडासा गळका असतोच. कंपन्या आपल्या माहितीपत्रकात गळतीची मर्यादा बहुधा ०.०१ × मायक्रोफॅरड × व्होल्ट अशी देतात. ४७० मायक्रोफॅरड आणि २५ व्होल्टला ती येते सुमारे ११७ मायक्रोअँपिअर! चांगल्या नव्या कपॅसिटरची प्रत्यक्ष गळती याच्या कितीतरी कमी असते. पण ती ४ पर्यंत पोचली तरी पुरे, नळातून येईल तेवढं भोकातून जाईल आणि पाणी खुणेपर्यंत कधीच चढणार नाही.

मोठा कपॅसिटर घेऊन रेझिस्टर लहान केला तर? भरण्याचा करंट वाढतो, पण कपॅसिटरच्या आकाराबरोबर गळतीही त्याच प्रमाणात वाढते. लहान कपॅसिटर आणि मोठा रेझिस्टर घेतला तर दोन्ही सारखेच घटतात. म्हणजे एकाच जातीच्या कपॅसिटरमध्ये गळतीचा त्रास ठरतो तो फक्त किती वेळ लावला यावर. जोडी कुठलीही निवडा, यातून सुटका नाही. म्हणून एका ५५५ वर दहा मिनिटांच्या पुढे जाऊ नये असं माझं ठाम मत आहे. इलेक्ट्रोलायटिक लावून तासाभराचा टायमर करण्याच्या आकृत्या मिळतात. सूत्रात त्या बसतात, पण त्यांच्या भरवशावर राहता येत नाही.

दहा मिनिटांच्या आत उपाय आहेत. दुकानात वर्षानुवर्षं पडून राहिलेला कपॅसिटर जास्त गळतो, कारण त्याच्या आतला ऑक्साइडचा थर विरळ झालेला असतो. १ के मधून अर्धा तास १२ व्होल्टला जोडून ठेवला तर थर बराच सावरतो आणि गळती उतरते. शिवाय १६ ऐवजी २५ किंवा ३५ व्होल्टचा घ्या. आपल्या क्षमतेच्या बराच खाली चालणारा कपॅसिटर कमी गळतो.

ही गळती डोळ्यांनी बघायची असेल तर एक प्रयोग करा. पॉट टोकाला ठेवून ६ नंबरच्या पायावर मल्टीमीटर लावा. चांगल्या डिजिटल मीटरचा आतला रेझिस्टन्स १० मेगओहम असतो. तो लावून ठेवला तर वेळ साधारण साडेनऊ टक्क्यांनी लांबतो. स्वस्तातले छोटे पिवळे मीटर १ मेगओहमचे असतात. तो लावलात तर व्होल्टेज ६ च्या जवळ जाऊन अडकतं, ८ होत नाही, आणि मीटर काढेपर्यंत बझर वाजत नाही. मोजायला लावलेलं यंत्रच इथे टाकीला पडलेलं भोक झालेलं असतं.

नॉबवरच्या खुणा

ब्रेडबोर्डवर समाधान झालं की झिरो पीसीबीवर (भोकं पाडलेल्या कोऱ्या बोर्डवर) सोल्डर करा. आयसी थेट न लावता सॉकेट लावा. पॉट डब्याच्या झाकणाला नटने आवळा आणि त्याभोवती पांढऱ्या कागदाची चकती चिकटवा.

खुणा सूत्रावरून काढू नका. नॉब एका जागी ठेवा, वेळ मोजा, पेन्सिलीने लिहा. एका जागेवर दोनदा मोजा. पहिल्यांदा आलेला आकडा दुसऱ्यापेक्षा जरा जास्त असेल तर तिसऱ्यांदाही मोजा, कारण कपॅसिटर अजून सावरतो आहे. दोन्ही टप्प्यांच्या खुणा वेगवेगळ्या रंगांत करा. आकडे स्थिरावले की शाईने पक्के करा. पुढे कधी कपॅसिटर बदलला तर चकतीही नवी करावी लागेल.

बझरऐवजी दिवा किंवा पंप

१२ व्होल्टची एलईडी पट्टी, किंवा कुंड्यांना पाणी देणारा १२ व्होल्टचा छोटा पंप ठरावीक वेळ चालवायचा असेल तर रिले लावा, म्हणजे कॉइलमधल्या छोट्या करंटने चालू-बंद होणारा स्विच. ३ नंबरवरून ४.७ के बीसी५४७ या ट्रान्झिस्टरच्या बेसला, एमिटर ग्राउंडला, कलेक्टर आणि १२ व्होल्टमध्ये रिलेची कॉइल. बीसी५४७ ची सपाट बाजू तुमच्याकडे आणि पाय खाली असतील तर डावीकडून कलेक्टर, बेस, एमिटर. साध्या १२ व्होल्टच्या छोट्या रिलेला ३० मिलिअँपिअरच्या आसपास लागतात, या ट्रान्झिस्टरला ते जड नाही. कॉइलवर १एन४००७ उलटा लावायचा, पट्टी १२ व्होल्टकडे. कॉइल सुटताना जो व्होल्टेजचा झटका बसतो त्याने ट्रान्झिस्टर मरतो, तो झटका हा डायोड पचवतो.

इथे बझर काढून टाका. ४ नंबरचा पाय १० के मधून १२ व्होल्टला न्या आणि ग्राउंडकडे एक पुश बटण द्या. ते दाबलं की मोजणी चालू असतानाही आउटपुट लगेच बंद होतं. पंपाच्या बाबतीत २ नंबरवरचा १० मायक्रोफॅरडही काढा. नाहीतर लाइट जाऊन आली की घरात कुणी नसताना पंप आपोआप सुरू होईल.

तासाभराचा टायमर

लांबच्या वेळेसाठी सीडी४०६० ही सोळा पायांची आयसी घ्या. हिच्यात छोट्या ठोक्यांचा ऑसिलेटर आहे आणि ते ठोके मोजणारे चौदा टप्पेही. तास मोजायचा तरी कपॅसिटरला भरायचं असतं अर्ध्या सेकंदाच्या आत, त्यामुळे तिथे ०.४७ मायक्रोफॅरडचा न गळणारा फिल्म कपॅसिटर चालतो.

९, १० आणि ११ नंबरच्या पायांवरून तीन भाग काढून त्यांची दुसरी टोकं एकत्र जोडा: ९ वरून ०.४७ चा फिल्म कपॅसिटर, १० वरून १०० के आणि त्यापुढे ४७० के चा पॉट, ११ वरून २.२ मेगओहम. १६ नंबर १२ व्होल्टला, ८ ग्राउंडला. १२ नंबर हा रिसेट, तो १० के मधून ग्राउंडला आणि पुश बटणाने १२ व्होल्टला. हे बटण दाबून सोडलं की मोजणी शून्यापासून सुरू होते. एका ठोक्याचा काळ सुमारे २.३ × रेझिस्टन्स × कपॅसिटन्स, आणि ३ नंबरचा पाय ८१९२ ठोक्यांनंतर चालू होतो. पॉटच्या एका टोकाला पंधरा मिनिटं आणि दुसऱ्या टोकाला एक तास चोवीस मिनिटं असा हिशेब बसतो. ३ नंबरवरून १एन४१४८ ११ नंबरला जोडा, पट्टी ११ कडे, म्हणजे वेळ संपल्यावर ठोके थांबतील आणि आउटपुट चालूच राहील. बझर वर सांगितलेल्या बीसी५४७ मार्फतच चालवा, कारण या आयसीचं आउटपुट ५५५ इतकं ताकदवान नाही.

खुणा करताना प्रत्येक वेळी तासभर बसायची गरज नाही. ७ नंबरच्या पायावर चौथा टप्पा बाहेर येतो, तिथे दर सोळा ठोक्यांना एक पूर्ण फेरा होतो. त्यावर ४.७ के आणि एलईडी लावा. बरोबर एक तासाच्या जागी तो एलईडी ७.०३ सेकंदांत एकदा लागून विझतो. दहा फेरे मोजा आणि ७०.३ सेकंद भरेपर्यंत पॉट थोडा थोडा फिरवत राहा, ती एका तासाची खूण.